शून्याचं तिकीट

बोरतळी, ता. मुखेड
३ नोव्हेंबर २०२५

चि. रेवणप्पास, साखराअक्काचा आशीर्वाद.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिला. मनातून किती दिला ते विचारू नको. सव्वातीन वर्षं झाली आपल्या अबोल्याला. तुला फोन लावला की त्यातली बाई म्हणते, आपण ज्यांच्याशी बोलू इच्छिता ते उपलब्ध नाहीत. शिवशंकरला विचारलं तर म्हणाला, आई, मामानं तुझा नंबर ब्लॉक केलाय. म्हटलं करू दे बापडा, पोस्टमनला तर ब्लॉक करता येत नाही.

माझं तुझ्याकडं काही काम नाही, हे आधीच सांगते. काम गावाचं आहे. तू बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतास, त्यातलं इथं दुसऱ्या कुणाला कळत नाही, म्हणून लिहावं लागलं. आमच्या गावची एकुलती एक गाडी बंद होणार आहे. सकाळी सव्वाआठला मुखेडला जाते अन् दुपारी तीनला परत निघते, ती. तिच्यावर पुनम म्हणून कंडक्टर पोरगी आहे, लई गुणाची. तिनं काल खाली उतरून सगळ्यांना सांगितलं की पंधरा डिसेंबरपासून फेरी बंद. डेपोतले साहेब म्हणाले म्हणे, डिझेलचा भाव बघा अन् तुमची गाडी बघा, रिकामी जाते अन् रिकामी येते. पुनमनं गयावया केली तेव्हा म्हणाले, तोवरचं भारमान बघतो, मग ठरवू. भारमान म्हणजे गाडी किती भरली त्याचा हिशोब, एवढं मला तुझ्यामुळं ठाऊक आहे.

आता मला सांग, रिकामी कशी? परवा मला खिडकी मिळाली नाही. माझी पिशवी शेजारच्या गौसियाआपाच्या मांडीवर, अन् माझ्या मांडीवर म्हाताऱ्या श्रीमंतरावांची कोंबडी.

तुला गावाची कल्पना नाही आता. मी अंगणवाडी सुरू केली तेव्हा साठ-पासष्ट पोरं जेवायला बसायची. माझ्या जागी आलेल्या बाईकडं आता अकरा आहेत. अन् साठीच्या पुढची माणसं किती म्हणशील? शंभरावर. तरणी सगळी पुण्याला, संभाजीनगरला, हैदराबादला. मागं उरलो आम्ही, अन् आमचे पाय म्हणजे ही गाडी.

शिवशंकरनं तर ठरवूनच टाकलंय. गाडी बंद झाली की आई, तू चिंचवडला यायचं, दवाखान्याला जायची सोय नाही अशा गावात तुला एकटीला ठेवणार नाही. चौथा मजला आहे त्याचा. पोरगा चांगला, सून त्याहून चांगली, पण तिथं मी भांडू कुणाशी? माझं घर इथं आहे, गौसियाआपा इथं आहे. गाडी गेली की हे सगळं गेलं म्हणून समज.

तेवढं कळव, काय केलं म्हणजे गाडी राहील. मागचं मी काही उकरून काढत नाही. भर गाडीत सख्ख्या बहिणीचं वय सांगणाऱ्या भावाबद्दल मला बोलायचंच नाही. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली तो आठवडा होता. तू मला तुमच्या औशाहून लातूरला सोडायला आला होतास. कंडक्टरनं वय विचारलं, मी म्हटलं पंच्याहत्तर. आमच्या गावात त्या आठवड्यात सगळेच पंच्याहत्तरचे झाले होते. अन् तू मागच्या सीटवरून म्हणालास, अक्का त्र्याहत्तरची आहे, तिचं अर्धं फाडा. सगळी गाडी हसली. मी पुढच्या थांब्यावर उतरले, ती आजपर्यंत उतरलेलीच आहे. नंतर फोनवर मी दोन शब्द बोलले असेन. थोरल्या बहिणीला तेवढा अधिकार असतो.

तुझ्या सिंधुला विचारलं म्हणून सांग. बायको तुझी असली तरी तिच्याशी माझं भांडण नाही.

अक्का


११ नोव्हेंबर २०२५

रेवणप्पा,

कार्ड मिळालं. पोस्टमननं आधी स्वतः वाचलं, मग मला वाचून दाखवलं, अन् मग म्हणाला, मावशी, एवढंच? 'माणसं मोजू नको, तिकिटं मोज.' ना वर शरणार्थ, ना खाली सही. मी एवढं दोन पानी पत्र लिहिलं अन् तू पाच शब्द परत पाठवलेस. तुझ्या लग्नात तू याहून जास्त बोलला होतास.

दिवसभर तुझ्या नावानं बोटं मोडली. दुसऱ्या दिवशी मात्र मुकाट्यानं पुनमच्या मागच्या सीटवर जाऊन बसले अन् मोजलं. गाडीत माणसं एकतीस. मशीनमधून तिकिटं निघाली सात. दोन मास्तर, एक बँकेतला पोरगा, एक बाळंतीण अन् तिची आई, खताच्या दुकानातला हमाल, अन् श्रीमंतराव. श्रीमंतराव माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, पण आधार कार्ड काढताना कुणीतरी अंदाजे साल टाकलं, त्यामुळं ते कागदावर चौऱ्याहत्तरचे आहेत अन् अर्धं तिकीट भरतात. बाकी आम्ही चोवीस जण फुकटवाले. एकाच्याही हातात कागद नाही.

म्हणजे साहेबाच्या लेखी आमची गाडी सात माणसांची. मी कपाळावर हात मारून घेतला. जन्मभर अंगणवाडीची रजिस्टरं भरली मी. हजेरीत नाव नसलं की पोरगं जेवलंच नाही असं वरचे लोक धरून चालायचे, हे मला पाठ. तरी हे ध्यानात आलं नाही बघ.

झालं कसं ते ऐक. पुनम नवी होती तेव्हा रीतसर प्रत्येकाचं आधार कार्ड बघायची अन् शून्य रुपयाचं तिकीट काढून द्यायची. पण आमच्यात कुणाचं कार्ड ट्रंकेत, कुणाचं पुण्याला लेकाकडं. गौसियाआपा कार्डासाठी पिशवी उलटी करायची, त्यातून आधी अडकित्ता, मग औषधं, मग कालची भाकरी. गाडी दहा-दहा मिनिटं उभी. शेवटी आम्हीच पोरीला म्हटलं, अगं राहू दे, शून्याचंच आहे, कागद कशाला वाया घालवतीस. फुकट जेवायचं अन् वर पावती मागायची, ही आपली रीत नाही. आम्हाला मनातून लाजच वाटायची रे. तिकीट हातात घेतलं की वाटायचं, सगळ्या गाडीला कळलं, ही फुकटी आहे. कागद नाही घेतला की कसं, घरची गाडी असल्यासारखं वाटतं. पोरगी ऐकेना, तर मीच तिला दटावलं होतं. हे तुला सांगायचं नव्हतं.

अन् आता लिहून झाल्यावर भीती वाटतेय. बिनतिकिटाचा माणूस गाडीत सापडला तर कंडक्टरचं काय होतं ते तूच मला सांगितलं होतंस. पुनमच्या पगारावर तिची आई अन् दोन भावंडं आहेत. तू तत्त्वाचा माणूस. बहिणीला सोडलं नाहीस, परक्या पोरीला काय सोडणार. रेवणप्पा, हे पत्र वाच अन् फाडून टाक. पाया पडते म्हटलं नसतं कधी, पण समज.

अक्का


१८ नोव्हेंबर २०२५

रेवणप्पा,

तुझं उत्तर नाही. पत्र फाडलंस की डेपोत नेऊन दिलंस, तुझं तुला माहीत. मी मात्र थांबले नाही.

बुधवारी गौसियाआपाच्या अंगणात सगळ्यांना गोळा केलं अन् सांगितलं, आपण गाडीत बसतो पण गाडीला ते ठाऊकच नाही. श्रीमंतराव म्हणाले, एवढी धक्क्यानं हाडं मोडतात माझी अन् ठाऊक कसं नाही. त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला. मग ठरलं की सोमवारपासून ज्याच्या त्याच्या गळ्यात कार्ड पाहिजे. हैदराबादला, पुण्याला फोन गेले. कार्डं आली, कुणाची कुरियरनं, कुणाची कुणाच्या हाती. मी प्रत्येकाचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोरी ओवून दिली, पूर्वी अंगणवाडीच्या पोरांच्या फ्रॉकला रुमाल लावायचे तसं. कार्डं बघताना हसून हसून पुरेवाट झाली. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एक जानेवारी. गौसियाआपाचा अन् तिच्या जावेचा सुद्धा एकाच तारखेला.

अन् मग ठरवलं की रोज सगळ्यांनी जायचं. मुखेडला जायचं अन् तीनच्या गाडीनं यायचं. काम असो नसो. काल पहिला दिवस होता. रेवणप्पा, तू बघायला पाहिजे होतंस. गळ्यात कार्ड घातलेली अडतीस म्हातारी माणसं रांगेत उभी, अन् पुनमचं मशीन एकसारखं टरटर टरटर. पोरीच्या डोळ्यांत पाणी. मुखेडला उतरून आम्ही उसाचा रस प्यालो, स्टँडवरच्या बाकड्यांवर गप्पा मारत बसलो, श्रीमंतरावांनी रझाकारांच्या वेळची गोष्ट सांगितली जी ते दरवेळी वेगळी सांगतात. येताना गाडीत दोघी-तिघींनी ओव्या म्हटल्या. ड्रायव्हर म्हणाला, आज्जी, वऱ्हाड घेऊन चाललोय असं वाटतंय.

महिनाभर असंच फिरलो तर भारमान काय, साहेबाला दुसरी गाडी जोडावी लागेल. तुझ्या पाच शब्दांतून मी एवढं काढलं. आता तरी म्हण, अक्काला अक्कल आहे.

अक्का


२५ नोव्हेंबर २०२५

रेवणप्पा,

दुसरं कार्ड मिळालं. ह्यावेळी पोस्टमननं ते दोनदा वाचलं, मग माझ्याकडं बघितलं. तुझे शब्द तुलाच लिहून दाखवते, म्हणजे तुला कळेल कसे लागतात ते. 'अक्का, अकरा तारखेचं पत्र मी वाचलेलं नाही. पुढं प्रत्येकाला तिकीट पाहिजे. पण कामाशिवाय फिरू नका. शून्याचं तिकीट तुम्हाला शून्य आहे, त्याचे पैसे सरकार एसटीला भरतं.'

पहिलं वाक्य चार वेळा वाचलं. मग देवघरात जाऊन बसले जरा वेळ. तू पत्र वाचलं नाहीस. बत्तीस वर्षांत कुणाला एक पैसा न सोडणारा माणूस माझ्या पुनमसाठी पत्र वाचलेलं नाही म्हणतो. पोरगी वाचली रे. तुझं भलं होवो, हे मात्र मनातून लिहिते.

पुढची वाक्यं वाचून मात्र अंगाचा तिळपापड झाला. दिवसभर चरफडले. संध्याकाळी तेच कार्ड अंगणात सगळ्यांना वाचून दाखवलं, म्हटलं बघा आमचा रेवणप्पा. त्या दिवशी गाडीतले एक मास्तर पण आले होते. ते म्हणाले, मामा बरोबर बोलतात. डिझेलवर कर असतो, तो सरकारला जातो. सरकार आपल्या शून्याच्या तिकिटाचे पैसे एसटीला देतं, अन् एसटी त्याचं पुन्हा डिझेल घेते. डिझेल महाग झालं की हे सगळंच महाग. एकाच रांजणातनं सगळे पाणी घेतात, दवाखाना पण, शाळा पण, आपली निराधारची पेन्शन पण. श्रीमंतरावांनी विचारलं, अन् रांजणात पाणी ओततंय कोण? मास्तर म्हणाले, जे कमावतात अन् पेट्रोल भरतात ते. तुमची पोरं.

मग गौसियाआपा म्हणाली, म्हणजे माझा यासेर तिकडं हैदराबादेत गाडीत पेट्रोल भरतो, तेव्हा त्यातनं मी मुखेडला जाते? मास्तर म्हणाले, थोडंफार तसंच. आपा एकदम खुलली. म्हणाली, नालायक फोन करत नाही महिना-महिना, पण रोज फिरवून आणतो की मला.

हसलो सगळे, पण उगीच फिरायचं मन मेलं ते मेलंच. ओतणारे थोडे अन् घेणारे लई, असं होऊन बसलंय. त्यातनं आम्ही रस प्यायला जाऊन पाणी सांडायचं, हे बरं दिसत नाही. मी वही केली. नाव लिहायचं अन् पुढं काम लिहायचं. ज्याला काम नाही त्यानं घरी बसायचं.

आज गाडीत नऊ जण होते. नऊ. पुनम मशीन बंद करून खिडकीबाहेर बघत बसली. वीस दिवस राहिलेत. शिवशंकरनं माझं पुण्याचं तिकीट काढायची तारीख विचारली. तू खरा आहेस हे मला कळतं, पण तुझ्या खऱ्यापायी मी चौथ्या मजल्यावर जाणार, हे पण लक्षात ठेव.

अक्का


७ डिसेंबर २०२५

प्रिय रेवणप्पा,

प्रिय लिहिलंय, दचकू नको.

नऊचे एक्केचाळीस झालेत. अन् एकही जण उगीच फिरत नाही. वही दाखवीन तुला कधी.

झालं असं. मी वही घेऊन घरोघर गेले, पूर्वी पोलिओच्या डोसाला जायचे तशी. प्रत्येकाला विचारलं, तुझं अडलेलं काम काय? सगळ्यांचं एकच, न्हाई बाई, आपलं काय काम आता. शेवटी गौसियाआपाकडं गेले. ती चुलीपुढं होती. म्हटलं, आपा, तुझं? ती म्हणाली, काही न्हाई. मग भाकरी उलटता उलटता म्हणाली, मला दिसत न्हाई, साखरा.

दोन वर्षं झाली म्हणे. हातानं चाचपून स्वयंपाक करते. मी रोज तिच्या शेजारी बसते गाडीत, अन् मला पत्ता नाही. का बोलली नाहीस विचारलं तर म्हणे, यासेरला कळलं तर रजा काढून येईल, त्याचा पगार कापतात. अन् आता किती दिवस राहिलेत माझे, त्यासाठी कशाला.

मग माझ्या ध्यानात आलं रे. काम नाही असं नव्हतं. सगळ्यांनी कामं गाडून ठेवली होती. मी पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली, अन् ह्यावेळी हटून बसले. काय काय निघालं. कुणाला ऐकू येत नव्हतं अन् तो नुसता मान हलवायचा. चौघांचा हयातीचा दाखला राहिला होता, नोव्हेंबर संपायच्या आत दिला नसता तर जिवंतपणी पेन्शन बंद. एकीला मुखेडात दिलेल्या भाचीचं बाळ बघायचं होतं, ते बाळ आता पाच वर्षांचं आहे. श्रीमंतरावांना दात करून घ्यायचे होते. परवा त्यांना कवळी बसली. काल गाडीत भाजलेल्या शेंगा खात होते अन् प्रत्येक शेंगेला आवाज काढून दाखवत होते. ईश्वरप्पानं कामापुढं 'जिलेबी' लिहायला सांगितलं. मी म्हटलं, हे चालणार नाही. तो म्हणाला, बायको गेल्यापासून खाल्ली नाही, ती अन् मी बाजारच्या दिवशी मिळून खायचो. मी लिहिलं. तुला पटेल की नाही माहीत नाही, पण मी लिहिलं.

आपाला नांदेडला नेलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा मीच समोर होते. बराच वेळ बघितलं तिनं, अन् म्हणाली, साखरा, तू एवढी म्हातारी कधी झालीस ग. मी तिला म्हटलं, तू बघत नव्हतीस तेव्हा. दवाखान्यात दोघी रडेपर्यंत हसलो. नर्स येऊन रागावून गेली.

परतीच्या गाडीत आपा खिडकीतनं दिसेल ते मोठ्यानं वाचत होती. खताची जाहिरात, लग्नाचा बोर्ड, मुखेडची पाटी. तिचं वाचन ऐकताना मला तुझी आठवण झाली. लहानपणी असाच वाचायचास, मी तुला हाताला धरून शाळेत न्यायचे तेव्हा.

म्हणून आता ते लिहिते जे पहिल्या पत्रात लपवलं. फोनवर मी दोन शब्द नव्हते बोलले. मी म्हणाले होते, बत्तीस वर्षं एवढी इमानदारी केलीस एसटीची, पेन्शन किती पडते रे तुला? माझ्या दोन शेळ्या त्याहून जास्त देतात. तू फोन ठेवलास. सिंधुनं मला नंतर सांगितलं होतं की तू त्या दिवशी जेवला नाहीस. ते ऐकूनही मी ताठच राहिले. गाडीत तू खरं बोललास अन् खोटं मी बोलले होते, म्हणूनच मला एवढं झोंबलं. चुकलं माझं, रेवणप्पा. तुझ्या इमानदारीची किंमत काढणारी मी कोण.

आठ दिवस राहिलेत. साहेब काय म्हणतात ते माहीत नाही.

तुझी अक्का


१८ डिसेंबर २०२५

प्रिय रेवणप्पा,

शेवटच्या दिवशी साहेब स्वतः आले. सकाळी जीपनं बोरतळीत उतरले अन् न सांगता गाडीत चढले. सीटा सगळ्या भरलेल्या. पुनम उठायला लागली तर तिला म्हणाले, तू तुझं काम कर. ते मधल्या वाटेत दांडीला धरून उभे. श्रीमंतरावांनी नवी कवळी नीट बसवली अन् विचारलं, "साहेब, वय काय?" साहेब म्हणाले, त्रेपन्न. "मग उभं राहा," श्रीमंतराव म्हणाले. "इथं सगळे तुमच्याहून थोरले आहेत."

अकरा किलोमीटर उभे राहिले बिचारे. वाटेत पुनमचं मशीन बघितलं, गळ्यातली कार्डं बघितली, माझी वही पण चाळली. जिलेबीवर बोट ठेवून हसले. मग पुनमला विचारलं, मागच्या वर्षभराचे आकडे एवढे कमी का होते? पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. मी उठून उभी राहिले. खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं, अन् पोरीला पण बुडवायचं नव्हतं. म्हटलं, "साहेब, तेव्हा आम्ही मोजण्यात नव्हतो. आमची आम्हालाच लाज वाटत होती."

त्यांनी वही मिटून माझ्या हातात परत दिली. पुढं काही विचारलं नाही. मुखेडला उतरताना म्हणाले, डिझेल महागच राहणार आज्जी, पण ही गाडी आपला खर्च काढते. फेरी चालू राहील. तीनची गाडी साडेतीनला करतो, दवाखान्याची कामं उरकत नसतील तुमची. स्टँडवर श्रीमंतराव नाचले. खोटं नाही, दोन पावलं का होईना, नाचले. पुनमनं माझ्या गळ्यात पडून माझं लुगडं भिजवलं.

शिवशंकरला फोन केला. म्हटलं, मी येत नाही, अन् तू पेट्रोल भरत राहा, मी त्याच्यावर फिरते. त्याला काही कळलं नाही. समजावलं तेव्हा हसला, अन् म्हणाला, मग संक्रांतीला तरी ये. जाईन.

आता खरं सांगते. गाडी बंद होणार हे पुनमनं सांगितलं, तेव्हा माझ्या मनात चिंचवड नव्हतं, आपा पण नव्हती. मुखेडला मी कुणाच्याही ट्रॅक्टरवर बसून गेले असते. पण औशाला ट्रॅक्टरवर येता येत नाही. सव्वातीन वर्षं गाडी रोज दारात येत होती अन् मी म्हणत होते, जाऊ कधीतरी, त्याला गरज असेल तर तो येईल. ती जाणार म्हटल्यावर वाटलं की आता ह्या जन्मात रेवणप्पाचं तोंड दिसत नाही. गावाचं काम आहे असं तुला लिहिलं ते खोटं नव्हतं, पण माझं काम त्याच्या आत होतं.

उद्या वेळा अमावस्या, सगळा लातूर जिल्हा शेतात जेवणार. त्या दिवशी कुणाच्याही शेतात जाऊन आंबील प्यायला बोलावणं लागत नाही, म्हणून तू बोलावलं नसलंस तरी मी येते. सव्वाआठची गाडी, मुखेडहून लातूर, लातूरहून औसा. वहीत माझ्या नावापुढं लिहिलंय, भावाकडं जाणे.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. कमरेच्या पिशवीत घालून माझ्याबरोबरच आणते. तोंडानं बोलायला गेले तर तू काहीतरी बरोबर बोलशील, मला राग येईल अन् पुन्हा तेच होईल. त्यापेक्षा शेतावर आले की हे तुझ्या हातात देते, अन् तू वाचेपर्यंत तोंड मिटून बसते. मला ते किती जड जाईल ते सिंधु सांगेल तुला.

वाचून झालं असेल तर वर बघ, रेवणप्पा. समोर बसलेय मी.